प्रोब सेटवरच्या जीओ नोंदी मोजताना तीन ठिकाणी तीन आकडे, नक्की काय चुकतंय?

अर्धसूत्री

मंडळी, चार दिवस एकाच तक्त्यापाशी अडकले आहे, म्हणून शेवटी धागा काढते.

डेटा जुना आहे. अ‍ॅफिमेट्रिक्सची एचजी-यू१३३ प्लस २.० ही मायक्रोअ‍ॅरे चिप (हजारो जीनांची सक्रियता एकदम मोजणारी), म्हणजे ५४,६७५ प्रोब सेट. दोन गटांत फरक दाखवणारे प्रोब सेट काढले, ३१२ निघाले. आता सरांना एक "साधा" तक्ता हवा आहे: प्रत्येक प्रोब सेटला जीन ऑन्टॉलॉजीच्या (जीओ) किती नोंदी आहेत ते शाखावार, आणि मग आमची यादी विरुद्ध अख्खी चिप अशी तुलना. अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

मी तीन वाटांनी मोजलं. आधी कंपनीच्या अ‍ॅनोटेशनच्या सीएसव्ही फाइलमधला बायोलॉजिकल प्रोसेसचा रकाना तोडला आणि तुकडे मोजले. मग आर या सांख्यिकीच्या भाषेत, बायोकंडक्टर या जीवशास्त्राच्या पॅकेजसंग्रहातल्या एचजीयू१३३प्लस२.डीबी पॅकेजला सिलेक्ट या फंक्शनने विचारलं आणि प्रोसेसच्या तेवढ्या ओळी मोजल्या. शेवटी जीओची स्वतःची नोंदींची फाइल (जीएएफ) उतरवून जीनच्या नावावरून जोडली.

माझ्या यादीतले पहिले सहा असे येतात.
सीएसव्ही: २७, ३९, १८, १, ४५, १२
पॅकेज: १४, २२, ८, (हा तक्त्यातच नाही), २१, ४
जीएएफचे आकडे तिसरेच, ते इथे देत नाही, कारण आधी या दोघांचंच जमत नाहीये.

थोडाफार फरक समजू शकते, आवृत्त्या वेगळ्या असतील. पण दुप्पट? नक्की कुठला आकडा खरा?

---

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो. विषय डोक्यावरून चाललाय पण वाचायला आवडेल. कुणीतरी दोन ओळींत सांगा की जीओ म्हणजे काय आणि प्रोब सेट म्हणजे काय.

---

जुना_चिपवाला

@वाचनमात्र, दोनच ओळींत बसणार नाही, पण प्रयत्न करतो.

चिपवर २५ अक्षरी डीएनएचे तुकडे चिकटवलेले असतात, ते प्रोब. यू१३३ घराण्यात बहुतेक ठिकाणी अशा ११ जोड्यांचा एक संच एका जीनच्या एखाद्या उताऱ्यावर (जीनवरून उतरवलेल्या आरएनए प्रतीवर) नेम धरतो. हा झाला प्रोब सेट. एका जीनला एकच संच असेल असं मुळीच नाही. टीपी५३ घ्या, त्याला २०१७४६_एटी आहे आणि २११३००_एस_एटी पण आहे.

जीओ ही जीनच्या कामांची सामायिक शब्दावली, तिच्यातला एकेक शब्द म्हणजे टर्म. माशी, यीस्ट आणि उंदीर यांचे डेटाबेस सांभाळणारे लोक १९९८ साली एकत्र आले, कारण एकाच कामाला तिघांकडे तीन नावं होती. हिच्या शाखा तीन: बायोलॉजिकल प्रोसेस, मॉलिक्युलर फंक्शन आणि सेल्युलर कॉम्पोनंट. म्हणजे कशात भाग घेतो, हाताने काय करतो, आणि राहतो कुठे.

आता गोम बघा. नोंद असते जीनच्या प्रॉडक्टला, आणि मोजायचं आहे प्रोब सेटला. मधला पूल कच्चा आहे.

---

रिकामा_रकाना

@अर्धसूत्री, तुमचा सीएसव्हीचा आकडा आवृत्तीमुळे चुकलेला नाही. जरा नीट बघा: २७, ३९, १८, ४५, १२. सगळे तीनने भाग जातात. एक तेवढा १ आहे.

त्या फाइलीत एका नोंदीचे तीन भाग असतात: टर्मचा क्रमांक, टर्मचं नाव, पुरावा. या भागांच्या मध्ये दोन तिरप्या रेघा, आणि एक नोंद संपून दुसरी सुरू होताना तीन तिरप्या रेघा. तुम्ही दोन रेघांवर तोडलंत. तीन रेघांतल्या पहिल्या दोन कात्रीत सापडल्या, उरलेली एक पुढच्या क्रमांकाला चिकटली. झाल्या प्रत्येक नोंदीच्या तीन नोंदी. तुकडे उघडून पाहा, क्रमांकांच्या आधी लोंबकळणारी एकेक रेघ दिसेल.

आणि तो १ म्हणजे रिकामा रकाना आहे. कंपनी रिकामं सोडत नाही, तीन आडव्या रेघा घालते. त्यात तोडण्यासारखं काही नाही, म्हणून एक तुकडा. तुमच्या तक्त्यात ज्याला एकही नोंद नाही, त्याला एक नोंद मिळाली आहे.

---

अर्धसूत्री

अरे देवा. एकेक रेघ लोंबकळतेच आहे. मी ती "क्लीन" करायला एक वेगळी ओळ पण लिहिली होती, का आली असेल हा विचार न करता.

तीन रेघांवर तोडलं. आता ९, १३, ६, ०, १५, ४. पॅकेजचे १४, २२, ८, गायब, २१, ४. म्हणजे आता उलटं झालं, पॅकेज जास्त दाखवतंय.

---

पुरावा_काय

पॅकेजमध्ये तुम्ही ओळी मोजल्यात, टर्म नाही मोजल्यात. सिलेक्ट करताना जीओचा रकाना मागितला की पुराव्याचा आणि शाखेचा रकाना आपोआप सोबत येतो. एकाच जीनला एकच टर्म दोन-तीन वेगवेगळ्या पुराव्यांनी लागलेली असते. समजा डीएनए रेप्लिकेशन, जीओ:०००६२६०. एकदा कुणीतरी प्रयोगात थेट पाहिलं म्हणून आयडीए, एकदा शोधनिबंधातल्या विधानावरून टीएएस, एकदा संगणकाने लावली म्हणून आयईए. टर्म एक, ओळी तीन. आधी प्रोब सेट आणि टर्म यांच्या जोड्या एकमेव करा, मग मोजा.

माझा मूळ व्यवसाय क्युरेशनचा, म्हणजे शोधनिबंध वाचून अशा नोंदी लावण्याचा, त्यामुळे हा राग जुना आहे. लोक नोंदी मोजतात आणि पुराव्याचा रकाना बघतसुद्धा नाहीत. त्यातला एनडी हा कोड तरी ओळखून ठेवा. त्याचा अर्थ: क्युरेटरने शोधलं आणि काहीच सापडलं नाही. अशी नोंद थेट शाखेच्या मुळाशी लावतात. प्रोसेसचं मूळ जीओ:०००८१५०, फंक्शनचं जीओ:०००३६७४, कॉम्पोनंटचं जीओ:०००५५७५. पूर्वी "प्रक्रिया अज्ञात" अशी वेगळी टर्मच होती, जीओ:००००००४, ती नंतर मुळात विलीन केली. तुमच्या मोजणीत ही ओळ "एक नोंद आहे" म्हणून धरली जाते, आणि ती ओळ ओरडून सांगत असते की काही माहीत नाही.

तिसऱ्या वाटेबद्दलही सांगून ठेवतो, कारण तिथे पुढे आपटणार आहात. जीएएफच्या चौथ्या रकान्यात नकाराची खूण असते: हा जीन हे काम करत *नाही*. ती ओळ मोजली की नकाराचा होकार होतो. जुन्या स्क्रिप्टांमध्ये चौथा रकाना रिकामा असेल तरच ओळ ठेवा असा नियम चालायचा. जीएएफच्या २.२ आवृत्तीपासून त्या रकान्यात प्रत्येक ओळीला नातं लिहिलेलं असतं, तो रिकामा नसतोच. जुनी स्क्रिप्ट नव्या फाइलीवर चालवली तर सगळ्या ओळी गळून पडतील आणि मग आणखी एक धागा निघेल.

---

अर्धसूत्री

@पुरावा_काय, जीएएफची स्क्रिप्ट लॅबमधल्या एका सीनियरने दिलेली होती. माझा तिसरा आकडा मी का दिला नाही ते आता सांगते: सगळे शून्य येत होते. 😐

---

रिकामा_रकाना

अजून एक. पॅकेजच्या तक्त्यातून चौथा प्रोब सेट "गायब" झाला, तो का? त्याची ओळ एनए (माहिती नाही) आली असणार, आणि तुम्ही शाखा प्रोसेस असलेल्या ओळी गाळून घेतल्यात तेव्हा ती एनएची ओळ चाळणीतून खाली पडली. वरवर निरुपद्रवी वाटतं. पण आता चिपवर दर प्रोब सेटमागे सरासरी किती नोंदी हे काढाल, तेव्हा भाजक कमी झालेला असेल. नोंद नसलेले प्रोब सेट चिपवर ढिगाने आहेत, तुमच्या यादीत तुलनेने कमी असतील. गाळणी दोन्हीकडे सारखीच लावली तरी फटका सारखा बसत नाही.

मोजायला सुरुवात नेहमी प्रोब सेटच्या पूर्ण यादीपासून करायची. ५४,६७५ ओळी आधी मांडायच्या, सगळ्यांसमोर शून्य लिहायचं, मग नोंदी जोडायच्या. एएफएफएक्सने सुरू होणारे कंट्रोल मात्र आधीच बाजूला काढा, ते प्रयोग नीट झाला का हे तपासण्यासाठी असतात.

आणि फाइल मधेच कुठल्या स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली नाही ना? ००० ने सुरू होणारे क्रमांक तिथे शून्यं झटकून टाकतात. ०००६२६० चा ६२६० होतो आणि मग तो कुठेच जुळत नाही. सेप्ट आणि मार्च घराण्यातल्या जीनची नावं तारखा होऊन बसायची, ते तर जगजाहीर आहे. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जीनचीच नावं बदलून सेप्टिन आणि मार्चएफ करून टाकली. माणसं सुधारेनात म्हणून जीन सुधारले.

---

वाचनमात्र

शेवटचं वाक्य वाचनखूण म्हणून साठवलं आहे.

---

अर्धसूत्री

एकमेव जोड्या केल्या. पॅकेज: १०, १५, ६, ०, १६, ४. सीएसव्ही: ९, १३, ६, ०, १५, ४. हा फरक आवृत्तीचा म्हणून मान्य करते.

पण उत्साहाच्या भरात जीओऐवजी जीओऑल हा रकाना मागून पाहिला, तर तेच सहा प्रोब सेट शंभराच्या पुढे गेले. हे काय?

---

जुना_चिपवाला

ते पूर्वज आहेत.

जीओ हे झाड नाही, जाळं आहे. एका टर्मला अनेक आईबाप असू शकतात. नियम असा की जीनला खालची टर्म लागली की तिच्या वरच्या सगळ्या टर्मा आपसूक लागल्या, थेट मुळापर्यंत. क्युरेटर फक्त सगळ्यात नेमकी टर्म लिहितो, वरच्या आपण जोडायच्या. जीओ रकान्यात थेट लिहिलेल्या नोंदी मिळतात, जीओऑलमध्ये पूर्वजांसकट. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

एका प्रोब सेटबद्दल किती लिहून ठेवलंय हे हवं असेल तर थेट नोंदी मोजा. "डीएनए रेप्लिकेशनमध्ये माझे किती जीन आहेत" असं विचारायचं असेल तर पूर्वज घ्यावेच लागतात. नाहीतर ज्याला आणखी नेमकी पोटटर्म लागली आहे तो जीन मोजणीतून निसटतो, म्हणजे ज्याच्याबद्दल जास्त माहिती तोच गैरहजर. फक्त पूर्वजांसकटच्या नोंदींची बेरीज प्रोब सेटमागे करू नका. तो आकडा जीनचा उरत नाही. जाळ्याच्या त्या कोपऱ्यात पायऱ्या किती घातल्या आहेत, तेवढंच तो मोजतो.

आणि "पातळी ५ च्या टर्मा घेऊ" असलं काही मनात आणू नका. मुळापासून पाच पायऱ्यांवर एका कोपऱ्यात अगदी नेमकी टर्म असते, दुसऱ्या कोपऱ्यात अजून गोलगोल बोलणं चालू असतं. ढोबळ गट हवे असतील तर जीओ स्लिम वापरा, तो माणसांनी निवडलेला संच आहे.

आता एक गंमत. तुमच्या चिपच्या यादीत अगदी पहिला येणारा प्रोब सेट १००७_एस_एटी. पिढ्यानपिढ्या सगळ्यांना माहीत की तो डीडीआर१. पुढे कधीतरी डीडीआर१ च्या आतच बसलेला एमआयआर४६४० हा मायक्रोआरएनए नोंदवला गेला, आणि त्या दिवसापासून हा प्रोब सेट दोन जीनचा झाला. चिपवरचा एक अणुही हलला नाही. १२९४_एटीचं तेच, यूबीए७ होता, सोबत एमआयआर५१९३ आला. सिलेक्ट तुम्हाला दोन्ही जीन दाखवतो आणि खाली हळूच एक सूचना छापतो, एकास अनेक म्हणून. पण बायोकंडक्टरच्या जुन्या पद्धतीच्या मॅप वस्तू वापरल्यात तर एकाहून जास्त जीनवर जाणारे प्रोब सेट मुळात झाकलेले असतात. ते उघडायला टॉगलप्रोब्स वापरावं लागतं. एकाच पॅकेजला दोन दारांनी विचारलं की दोन उत्तरं मिळतात, यात पॅकेजचा दोष नाही. चार-पाच वर्षांपूर्वी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये एखादा ओळखीचा जीन अचानक रिकामा दिसायला लागला तर आधी इथे शोधा.

---

पुरावा_काय

+१. आणि यू१३३ या नावातला १३३ म्हणजे युनिजीन या जीन-क्रमांच्या डेटाबेसचा १३३ वा बिल्ड, २००१ सालचा. जीनोमचा पहिला मसुदा नुकता आला होता तेव्हा यातले बहुतेक प्रोब निवडलेत. ते युनिजीनसुद्धा २०१९ मध्ये बंद झालं. प्रोब तेच, त्यांचा अर्थ मात्र वेळोवेळी नव्याने लिहिला जातो. म्हणून लेखात "बायोकंडक्टर वापरलं" एवढं पुरत नाही. पॅकेजची आवृत्ती आणि जीओची तारीख लिहा.

डेव्हिड हे वेब साधन लोक डोळे झाकून वापरतात. त्याचं अ‍ॅनोटेशन २०१० ते २०१६ या काळात बदललंच नव्हतं, आणि त्या सहा वर्षांत त्यावरून निघालेल्या लेखांची गणती नाही.

---

उजवी_शेपटी

इथवरचं सगळं झाडलोट. खरा घोळ तुलनेत आहे, आणि तो अजून कुणी काढलाच नाही.

@अर्धसूत्री, तुमची यादी प्रोब सेटची आहे. समजा एखाद्या टर्ममध्ये तुमच्याकडे १० प्रोब सेट निघाले. ते दहा जीन आहेत की पाच जीनचे दोन-दोन? टर्म योगायोगापेक्षा जास्त वेळा आली का हे पाहणाऱ्या हायपरजॉमेट्रिक चाचणीला याची काही कल्पना नसते. ती धरून चालते की पिशवीतले दहाही चेंडू स्वतंत्रपणे काढले.

आकडे मांडून दाखवतो, मुद्दाम सोपे घेतलेत. चिपवर १०,००० जीन, टर्ममध्ये १००, तुमच्या यादीत २००. नुसत्या योगायोगाने टर्ममधले २ जीन यादीत यायला हवेत. आले ५. पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढे किंवा जास्त येण्याची शक्यता) ०.०५ च्या आसपास येते, म्हणजे कुंपणावर. आता प्रत्येक जीनला नेमके दोन प्रोब सेट आहेत आणि दोघं कायम जोडीने वर-खाली होतात असं धरा. चिपवर २०,०००, टर्ममध्ये २००, यादीत ४००, अपेक्षित ४, आले १०. पी व्हॅल्यू ०.००७ च्या घरात. जीवशास्त्रात तसूभर फरक नाही, प्रत्येक गोष्टीची नुसती झेरॉक्स काढली, आणि निकाल कुंपणावरून थेट "लक्षणीय" झाला.

इथे मी सगळ्यांना दोन-दोन देऊन उपकार केलेत. खऱ्या चिपवर एकाला एक, दुसऱ्याला सात असं असतं. ज्या टर्ममध्ये बहुप्रोबवाले जीन जास्त, ती टर्म फुकटात वर येते.

म्हणून एकक जीन ठेवा. यादीतही आणि बॅकग्राउंडमध्येही, म्हणजे यादीची तुलना ज्याच्याशी करायची त्या संचातही. यादी जीनची आणि बॅकग्राउंड प्रोब सेटचं, हा तर मी डोळ्यांनी पाहिलेला प्रकार आहे.

---

अर्धसूत्री

बॅकग्राउंड म्हणून अख्खी चिप चालेल ना? सर तेच म्हणताहेत.

---

उजवी_शेपटी

चिपवरचं सगळं नाही. जे तुमच्या यादीत येऊ *शकले असते* ते सगळं. चाचणीआधी कमी सिग्नलवाले प्रोब सेट गाळले असतील तर ते बॅकग्राउंडमधूनही गेले पाहिजेत. नाहीतर यकृताचा नमुना घेऊन यकृताचे जीन सापडले म्हणून पेढे वाटाल. आणि ज्या जीनला त्या शाखेत एकही नोंद नाही तो या चाचणीपुरता बाहेर. @रिकामा_रकाना यांचं म्हणणं सरासरीपुरतं बरोबर आहे, शून्यवाले ठेवायलाच हवेत. टर्मच्या चाचणीत मात्र मी ते काढतो.

---

रिकामा_रकाना

काढू नये असं माझं मत. नोंद नाही म्हणजे त्या टर्मचा नाही हे आपल्याला माहीत नसतं, मान्य. पण काढून टाकल्याने ते माहीत होत नाही. उलट बॅकग्राउंड प्रसिद्ध जीनांचं होऊन बसतं.

---

उजवी_शेपटी

ते आधीच प्रसिद्ध जीनांचं आहे. बरीचशी साधनं आपणहून काढतात, निदान काय केलं ते लिहा म्हणजे झालं. यावर आपलं यापूर्वीही एका धाग्यावर वाजलं आहे, इथे नको.

---

वाचनमात्र

मधेच एक बाळबोध प्रश्न. जास्त नोंदी असलेला जीन जास्त महत्त्वाचा, असं समजायचं का?

---

पुरावा_काय

प्रश्न बाळबोध नाही, या धाग्याचं मूळ दुखणं तेच आहे. टीपी५३ ला नोंदींचा डोंगर आहे कारण त्याच्यावर हजारो लोकांनी आयुष्यं घातली. शेजारच्या जीनवर कुणी पाहिलंच नाही म्हणून त्याला दोन आयईए आणि एक एनडी. नोंदींची संख्या बऱ्याच अंशी संशोधकांचं लक्ष कुठे होतं तेच सांगते.

आणि नोंदी म्हणजे सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हेत. प्रोटीन बाइंडिंग, जीओ:०००५५१५. प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. बरं मग? कुणाला चिकटतं ते नोंदीच्या एका वेगळ्या रकान्यात असतं, तो कुणी वाचत नाही. ही टर्म इतक्या जीनांना लागली आहे की दोन प्रोब सेटमध्ये "सामाईक टर्म" मोजल्या तर ही हमखास निघते. त्यामुळे दोन प्रोब सेटची तुलना करायची असेल तर सामाईक टर्म नुसत्या मोजू नयेत. दुर्मिळ टर्म जुळली तर जास्त वजन, सर्रास टर्म जुळली तर जवळपास शून्य, या तत्त्वावर साम्य मोजणाऱ्या पद्धती आहेत. आरमध्ये त्यासाठी जीओसेमसिम आहे.

म्हणजे @अर्धसूत्री, सरांचा तक्ता (यादीत दर प्रोब सेटमागे सरासरी इतक्या नोंदी, चिपवर इतक्या) अगदी बिनचूक काढलात तरी तो एवढंच सांगेल की तुमच्या यादीतले जीन चिपवरच्या सरासरी जीनपेक्षा जास्त अभ्यासलेले आहेत. ते तर जवळपास कुठल्याही यादीत निघतं.

---

अर्धसूत्री

हे सरांना मी सांगू का? 🙂

सांगेन. तक्ता पुरवणीत टाकू आणि मुख्य लेखात टर्मनिहाय तुलना, असं सुचवते.

दरम्यान जीनवर आणायचं तर कसं आणू? एका जीनचे चार प्रोब सेट आहेत, त्यातले दोन माझ्या यादीत, दोन नाहीत. मग जीन यादीत आहे की नाही?

---

जुना_चिपवाला

इथे दोन पंथ आहेत. पहिला: चाचणीच्या आधी प्रत्येक जीनमागे एकच प्रोब सेट ठेवायचा, सगळ्यात जास्त चढउतार दाखवणारा. जीनफिल्टरमधलं एनएसफिल्टर हेच करतं, आंतरचतुर्थक अंतर बघून निवडतं. गटांची नावं न बघता निवड होते, म्हणून पक्षपात नाही. दुसरा पंथ: कंपनीचे संच मोडून टाका आणि प्रोब नव्या जीनोमवर पुन्हा बसवून दर जीनमागे एक संच बांधा. २००५ पासून ब्रेनअ‍ॅरेच्या सीडीएफ फाइली (कुठला प्रोब कुठल्या संचात ते सांगणाऱ्या) त्यासाठीच आहेत. मी दुसऱ्या पंथाचा. पण त्यासाठी चिपच्या मोजमापाच्या कच्च्या सेल (सीईएल) फाइली हव्यात.

यादी काढून झाल्यावर "एक जरी आला तरी जीन आला" असं मात्र करू नका. सात प्रोब सेटवाल्याला लॉटरीची सात तिकिटं मिळतात.

प्रोब सेटच्या नावांचे प्रत्यय पण वाचायला शिका. नुसतं _एटी असेल तर संच एकाच ठिकाणी बसतो असं डिझाइन करताना मानलं होतं. _एस_एटी म्हणजे एकाहून अधिक उताऱ्यांना तोच संच लागू, बहुधा एका घराण्यातल्या. _एक्स_एटी म्हणजे काही प्रोब भलत्याच क्रमालाही चिकटू शकतात. तुमच्या यादीत _एक्स_एटी किती आहेत?

---

अर्धसूत्री

सेल फाइली आहेत, पण आधी एनएसफिल्टरने करून बघितलं. ३१२ प्रोब सेटची पहिली यादी होती, आता पुन्हा चाचणी केल्यावर २०४ जीन. मग टर्मची चाचणी आरमधल्या टॉपजीओ पॅकेजने, प्रोसेस शाखा, त्यातली एलिम पद्धत.

पूर्वी सगळ्यात वर असलेल्या टर्मांपैकी पेशी चिकटण्याची एक टर्म साफ खाली गेली. तिच्यात एकच जीन सहा प्रोब सेटनी बसला होता. तेवढं समजलं.

पण पहिला नंबर हटायला तयार नाही: जस्ताच्या आयनला पेशीचा प्रतिसाद, आणि तिच्या मागोमाग कॅडमियमची तशीच टर्म. जीनवर आणूनही टिकली, म्हणजे ही खरी ना? _एक्स_एटी मोजले, यादीत १४ आहेत, त्यातले बरेच याच टर्ममध्ये.

---

जुना_चिपवाला

जीनांची नावं सांगा. एमटी ने सुरू होतात का?

---

अर्धसूत्री

एमटी१एक्स, एमटी१जी, एमटी१एच, एमटी१एफ, एमटी१ई, एमटी२ए. तुम्हाला कसं कळलं?

---

जुना_चिपवाला

कारण ही टोळी मला वीस वर्षं ओळखते.

मेटॅलोथायोनिन. सोळाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेलं घराणं, एकाच जीनच्या प्रती होत होत तयार झालेलं. प्रथिन साठ-बासष्ट अमिनो आम्लांचं, संदेशाचा उताराही तोकडा, आणि भावंडांचे क्रम इतके सारखे की वेगळा ओळखू येईल असा २५ अक्षरी तुकडा निवडायला जागाच नाही. म्हणून यांचे बहुतेक प्रोब सेट _एक्स_एटी: २०८५८१_एक्स_एटी, २०४७४५_एक्स_एटी, २०६४६१_एक्स_एटी, २१२१८५_एक्स_एटी. प्रत्यक्षात एकटा एमटी२ए वाढला तरी त्याचा उतारा सगळ्यांच्या प्रोबवर थोडाथोडा जाऊन बसेल आणि चिप म्हणेल सहा जीन वाढले.

@उजवी_शेपटी यांच्या उपायाने झेरॉक्स पकडली जाते, पण ती एकाच एन्ट्रेझ क्रमांकाखाली (जीनच्या ओळख-क्रमांकाखाली) असेल तर. इथे सहा क्रमांक वेगळे, जीन वेगळे, नोंदी वेगळ्या, आणि मोजमाप एकच. जीनवर आणून हे सुटत नाही.

गंमत म्हणजे हे घराणं जस्ताला खरोखरच एकत्र प्रतिसाद देतं. म्हणजे निकाल खराही असू शकतो. चिपवरून दोन्हीतला फरक करता येत नाही, एवढंच.

---

उजवी_शेपटी

मान्य. माझ्याकडून राहिलं होतं. करून बघण्यासारखं एक आहे: सहाही जीन एकच मानून, एकच मत देऊन, चाचणी पुन्हा चालवा. टर्म टिकते का ते पाहा.

---

अर्धसूत्री

चालवली. यादीत त्या टर्ममध्ये एकूण सात जीन होते, त्यातले सहा हेच. सहांचा एक केला, यादीत आणि बॅकग्राउंडमध्येही. उरले दोन. टर्म पहिल्या पन्नासात नाही.

ब्रेनअ‍ॅरेच्या सीडीएफनेही काढलं. तिथे एमटी घराण्यातले काही जीन मुळात नाहीतच, पुरेसे वेगळे प्रोब न मिळाल्यामुळे गाळलेले दिसतात. एमटी२ए आहे आणि वाढलेला आहे.

आज सरांशी बोलले. सुरुवातीला चेहरा उतरला, कारण जस्तावर त्यांनी चर्चेचा एक परिच्छेद आधीच लिहून ठेवला होता. मग म्हणाले, एमटी२ए आणि एमटी१एक्स यांचे वेगळे प्रायमर मागव, क्यूपीसीआर करून (एकेका जीनचा उतारा वेगळा मोजून) बघू. परिच्छेद तोवर ठेवला आहे, पण "मेटॅलोथायोनिन घराण्यातला सिग्नल" असा, सहा जीनांची नावं काढून. पद्धतीच्या भागात आवृत्त्या, जीओची तारीख, एकक जीन, बॅकग्राउंड कसं ठरवलं, आयईए ठेवल्या आणि एनडी काढल्या, हे सगळं गेलं आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रायमर आले की इथेच कळवते.

---

पुरावा_काय

क्यूपीसीआरचं नक्की कळवा. आणि पुरवणीतल्या तक्त्यात नकाराच्या ओळी काढल्यात ना?

---

अर्धसूत्री

काढल्या. रिकामा चौथा रकाना न शोधता, नकाराचा शब्द शोधून. सीनियरलाही स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठवली.

---

रिकामा_रकाना

आणि चौथ्या प्रोब सेटचा तो १?

---

अर्धसूत्री

० केला. तक्त्यात आहे, गायब नाही.